जाताना पासवर्ड सांगून जा, बाळा

सातारा-सांगली पट्ट्यात माणसाला नोकरीला लावणं हे पुण्य आणि नोकरीवरून काढणं हे महापाप, यावर सर्व पक्षांचं, सर्व गटांचं आणि बांधावरून कोर्टात गेलेल्या दोन सख्ख्या भावांचंसुद्धा एकमत आहे. सहकारी संस्थेतला शिपाई काढला की तो एकटा जात नाही. त्याची भावकी, सासुरवाडी, मामाचा गाव आणि तालीम मंडळ असे सगळे सभासद त्याच्याबरोबर उठून समोरच्या पॅनेलमध्ये जाऊन बसतात. म्हणून आपल्याकडं माणूस काढत नाहीत, सरकवतात. शेती खात्यात नको झालेला स्टोअरला जातो, स्टोअरमधला गेस्ट हाउसला, गेस्ट हाउसमधला संस्थेच्या पेट्रोल पंपावर. पंपावरून पुढं सरकायला जागा नसल्यानं तिथून तो थेट निवृत्त होतो. मग त्याला शाल मिळते, श्रीफळ मिळतं आणि ज्यांनी त्याला चार वेळा सरकवला तेच चेअरमन 'संस्थेत कधीही न भरून येणारी पोकळी' या विषयावर वीस मिनिटं बोलतात.

ही व्यवस्था उत्तम चालली होती. ती मोडली कॉम्प्युटरवाल्यानं.

कॉम्प्युटरवाला हा संस्थेत कधीच रीतसर येत नाही. साखर कारखान्यात त्याला इडीपी म्हणतात, पतसंस्थेत ऑपरेटर, दूध संघात 'मशीनचा पोरगा' आणि शाळेत 'सर, पण शिकवत नाहीत ते'. तो पहिल्यांदा येतो तो प्रिंटरमध्ये अडकलेला कागद काढायला. कागद निघतो, पोरगा राहतो. पुढं बोटाची हजेरी येते, ती तो लावतो. कॅमेरे येतात, ते तो जोडतो. संस्थेची वेबसाइट काढायची ठरते तेव्हा मॅनेजर म्हणतात, "आमचा ईमेल चालंना झालाय, तुझाच टाक की तात्पुरता." हा तात्पुरता शब्द पुढं दहा वर्षं टिकतो. जीएसटी आला तेव्हा ओटीपी कुणाच्या मोबाइलवर घ्यायचा हा प्रश्न निघाला. चेअरमनसाहेब मोबाइल उलटा धरून बोलतात, मॅनेजरांच्या गावात रेंज नाही, म्हणून नंबर पोराचा लागला. त्याच वर्षी चेअरमनसाहेबांची डिजिटल सही आली. ती एवढीशी यूएसबीची कांडी असते. हरवेल म्हणून ती पोराच्या ड्रॉवरमध्ये ठेवली आणि तिचा पिन विसरेल म्हणून कांडीवरच चिकटपट्टी लावून लिहिला.

अशा रीतीनं ज्या संस्थेत तिजोरीची एक किल्ली मॅनेजरकडं आणि दुसरी कॅशियरकडं असते, दोघं मिळून उघडल्याशिवाय आतली नोट हलत नाही, त्याच संस्थेतला सगळा हिशेब, सगळे सभासद आणि खुद्द चेअरमनसाहेबांची सही एका पोराच्या डोक्यात आणि एका ड्रॉवरमध्ये येऊन बसते. पोराचा पगार मात्र 'तात्पुरता' याच सदरात राहतो.

आता समजा या पोराला काढायचं ठरलं. कारणं काहीही असतील. तो उशिरा येत असेल, उलट बोलत असेल, संस्थेच्या इंटरनेटवर स्वतःचा धंदा करत असेल, किंवा यातलं काहीच नसून चेअरमनसाहेबांच्या साडूचा मुलगा नुकताच कॉम्प्युटर शिकून आला असेल. काढायच्या दोन पद्धती आपल्या मुलखात रूढ आहेत.

पहिली सातारी. हा फौजेचा जिल्हा. देशातली पहिली सैनिक शाळा १९६१ साली निघाली ती साताऱ्यात. त्यामुळं इथं माणसाला काढायला दीड वाक्य पुरतं. "उद्यापासनं यायचं न्हाई. आन्..." एवढं ऐकून पोरगा डबा उचलतो आणि निघतो. वाक्याचा उरलेला अर्धा भाग 'पासवर्ड सांगून जा' असा होता, हे मॅनेजरांना त्या महिन्याच्या वीस तारखेला आठवतं, कारण वीस तारखेला जीएसटीचं रिटर्न भरायचं असतं. बटण दाबतात. पडद्यावर येतं की ओटीपी पाठवला आहे. तो पोचलेलाही असतो, पोराच्या खिशात. पोरगा त्या वेळी म्हसवडला सासुरवाडीला मटणाच्या ताटावर बसलेला असतो आणि संस्थेचा नंबर दिसला की फोन उपडा ठेवतो. त्याच्यावर कसला आरोपही करता येत नाही. स्वतःचा फोन स्वतःच्या सासुरवाडीत उपडा ठेवणं हा कुठल्याच कायद्यानं गुन्हा नाही.

दुसरी सांगलीची. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली 'सीतास्वयंवर' रंगभूमीवर आणलं ते सांगलीत, त्यामुळं इथं कुठलीही गोष्ट अंक पाडल्याशिवाय होत नाही. पहिल्या अंकात संचालक मंडळाच्या सभेत 'मा. अध्यक्षांच्या परवानगीने येणारे आयत्या वेळचे विषय' या सदरात कुजबूज होते. सभेत चहा देणारा मामा ती बाहेर नेतो आणि कपबशा विसळायच्या आत ती पोरापर्यंत पोचते. दुसऱ्या अंकात सगळे त्याच्याशी अतोनात गोड वागतात. "घरी आई बरी हाय न्हवं?" असं ज्यांनी कधी विचारलं नाही ते विचारू लागतात. संस्थेत कुणी कारण नसताना आईची चौकशी केली की माणसानं काय ते ओळखावं. पोरगा ओळखतो आणि रात्री थांबून पेनड्राइव्ह भरू लागतो. तिसऱ्या अंकात काढल्याचं पत्र लिहायचं असतं. पण मॅनेजरांच्या कॉम्प्युटरवर मराठी फॉन्ट येईना होतो. मग हाक जाते, "बाळा, जरा इकडं ये, एक पत्र टाइप करायचंय." पोरगा स्वतःला काढल्याचं पत्र स्वतः टाइप करतो, त्यातली शुद्धलेखनाची चूक दुरुस्त करतो, दोन प्रती काढतो आणि प्रिंटर बंद करून जातो. तो प्रिंटर पुन्हा चालू होत नाही.

दोन्ही पद्धतींत चूक एकच, आणि ती काढण्याच्या दिवशीची नाही, नेमण्याच्या दिवशीची आहे. आपल्या पूर्वजांनी ती केली नसती. मराठेशाहीत मोठ्या अधिकाऱ्याला नेमताना शिक्के-कट्यार देत आणि पद काढलं की ती परत घेत. त्या दिवसापासून त्यानं कितीही कागद लिहिले तरी त्यांना किंमत शून्य. पत्राच्या शेवटी मोर्तब उमटायची, 'मर्यादेयं विराजते', म्हणजे मजकूर इथं संपला, यापुढं कुणी एक ओळ घुसडली तर ती आमची नव्हे. साडेतीनशे वर्षांपूर्वी या मुलखात अधिकार काढून घ्यायची रीत होती आणि मजकुरात फेरफार होऊ नये याची सोय होती. आज त्याच मुलखात संस्थेचा पासवर्ड संस्थेच्या नावापुढं १२३ असा असतो आणि तो बदलायचा विषय निघाला की मॅनेजर म्हणतात, "मग सगळ्यांनी लक्षात कसा ठेवायचा?"

अर्थात पूर्वीही सगळं काही आलबेल नव्हतं. गावचं दप्तर कुलकर्ण्यांच्या घरात असायचं. जमीन कुणाची, सारा किती, बाकी कुणाकडं, सगळं मोडीत लिहिलेलं, आणि ते वाचणारं घर गावात एखादंच. पाटील रागावला, गाव रागावला, तरी दप्तर हलत नसे, कारण ते उघडून काय वाचायचं हेच बाकीच्यांना कळत नसे. हा आपला मूळ सर्व्हर. त्यावर इलाज केला तो शेजारच्या कोल्हापुरात शाहू महाराजांनी. १९१८ साली त्यांनी कुलकर्णी वतन बंद करून पगारी तलाठी नेमले. त्यात ग्यानबाची मेख अशी की तलाठ्याची बदली होते, आणि बदली होणाऱ्या माणसाला दप्तर पुढच्याच्या हाती द्यावंच लागतं. तुमच्या संस्थेतला कॉम्प्युटरवाला तलाठी आहे की वतनदार, एवढं एकदा तपासावं. तो रजेवर गेल्यावर काम चालत असेल तर तलाठी. तो लघुशंकेला गेल्यावर काउंटरवर रांग लागत असेल तर वतनदार.

आणि घाईघाईनं, अंधारात काढल्यानं काय होतं तेही साताऱ्यानं पाहिलेलं आहे. १८३९च्या सप्टेंबरात ईस्ट इंडिया कंपनीनं छत्रपती प्रतापसिंह महाराजांना रात्री वाड्यातून नेलं, आधी लिंब गावी ठेवलं आणि पुढं काशीला धाडलं. ना धड चौकशी, ना म्हणणं मांडायची संधी. कंपनीला वाटलं, एका रात्रीत काम झालं. पण रंगो बापूजी गुप्ते महाराजांची बाजू घेऊन थेट लंडनला गेले आणि १८५३पर्यंत तिथं कंपनीच्या दारात उभे राहून त्यांनी साहेबाला बेजार केलं. गादीची गोष्ट कुठं आणि पतसंस्थेच्या ऑपरेटरची कुठं, तुलना होऊच शकत नाही. पण म्हणणं न ऐकता काढलं की तक्रार लांबपर्यंत जाते, हे मात्र तेव्हाही खरं होतं आणि आज लंडनऐवजी कामगार न्यायालय आहे, तरीही खरंच आहे.

आपलं दुःख जगावेगळं नाही, याचं समाधान हवं असेल तर अमेरिकेकडं बघावं. सॅन फ्रान्सिस्को शहराचं कॉम्प्युटरचं जाळं टेरी चाइल्ड्स नावाचा कर्मचारी सांभाळायचा. २००८च्या जुलैत वरिष्ठांशी बिनसलं, पासवर्ड मागितले, त्यानं दिले नाहीत. "तुम्ही लायक नाही," असं त्याचं साधारण म्हणणं होतं. त्याला आत टाकला. गंमत म्हणजे जाळं बंद पडलं नव्हतं, सगळं झकास चालू होतं, फक्त आत शिरता कुणालाच येत नव्हतं. शेवटी खुद्द महापौर गॅव्हिन न्यूसम तुरुंगात जाऊन त्याला भेटले, तेव्हा त्यानं पासवर्ड फक्त त्यांच्या हवाली केले. आपल्याकडं चेअरमनसाहेब कंदी पेढ्यांचा बॉक्स घेऊन पोराच्या घरी जातात आणि त्याच्या आईला 'वहिनी' म्हणून हाक मारतात, तेच हे. चाइल्ड्सला २०१०मध्ये चार वर्षांची शिक्षा झाली. ओहायोतल्या एका कंपनीच्या डेव्हिस लू नावाच्या प्रोग्रॅमरनं तर आणखी पुढची मजल मारली. आपलं खातं कंपनीच्या यादीत चालू आहे की नाही हे तपासत राहणारा एक तुकडा त्यानं कंपनीच्याच यंत्रणेत पेरून ठेवला होता. २०१९मध्ये त्याचं खातं बंद झालं आणि जगभरातले हजारो कर्मचारी आपापल्या कॉम्प्युटरबाहेर पडले. 'मी नाही तर कुणीच नाही' हे तत्त्व आपल्याकडं भावकीत पाळलं जातं. त्यानं ते कोडमध्ये लिहिलं. २०२५मध्ये त्यालाही चार वर्षं झाली.

असा उद्योग आपल्याकडं कुणी केला तर माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६ आहे. तीन वर्षांपर्यंत कैद, पाच लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. पण कलम लागेपर्यंत वाट बघायला ऊस काही शिकलेला नाही. ऐन गाळपात वजनकाट्याचा कॉम्प्युटर अडला तर ट्रॅक्टरची रांग पलूसच्या रस्त्याला लागते, आणि त्या रांगेतल्या शेतकऱ्याला कलम ६६ वाचून दाखवायला जाणारा मॅनेजर अजून जन्मायचा आहे.

तेव्हा शहाण्यानं काय करावं? ज्या वेळी पोरगा केबिनमध्ये बसलेला आहे आणि त्याला सांगणं चालू आहे, त्याच वेळी बाहेर दुसऱ्या जाणत्या माणसानं त्याची सगळी खाती बंद करावीत. सकाळी नव्हे, 'साहेब आले की' नव्हे, त्याच वेळी. मग जे पासवर्ड चार जणांना ठाऊक होते ते सगळे बदलावेत, अगदी वायफायचासुद्धा. नाहीतर काढलेला माणूस समोरच्या वडापावच्या गाड्यावर बसून तुमच्याच इंटरनेटवर दुसरी नोकरी शोधतो. कॅमेऱ्याचा मोबाइलवरचा दुवा तोडावा, नाहीतर त्याच्या जागी आलेला पोरगा दुपारी किती वाजता पेंगतो हे तो घरी बसून आईला दाखवतो. ओटीपीचा नंबर, वेबसाइटचा ईमेल आणि सहीची कांडी ही तीन रत्नं तर त्याला सांगण्याआधीच संस्थेच्या नावावर आणावीत. बॅकअप आहे का, एवढं विचारून थांबू नये. तो एकदा उघडून बघावा. बऱ्याच ठिकाणी बॅकअप म्हणून कपाटात जपून ठेवलेल्या हार्ड डिस्कमध्ये शेवटी कुणाच्या तरी मेहुणीच्या हळदीचं शूटिंग निघतं.

आणि हे सगळं करताना त्याचा हिशेब रोखू नये. 'पासवर्ड दे, मग पगार घे' हा आपल्याकडचा आवडता व्यवहार, पण कायद्याला तो मान्य नाही. वेतन संहितेनुसार काढलेल्या माणसाचा पगार दोन कामकाजाच्या दिवसांत चुकता करायचा असतो. पाच वर्षं सलग भरली असतील तर दर पूर्ण वर्षामागं पंधरा दिवसांच्या पगाराची ग्रॅच्युइटी, तीही ३० दिवसांत. पीएफच्या साइटवर त्याची नोकरी सोडल्याची तारीख भरावी. ही तारीख भरायला मॅनेजर विसरतात आणि पोराचे पैसे अडकतात. मग एकीकडं त्याचा पीएफ तुमच्याकडं आणि दुसरीकडं तुमचा ओटीपी त्याच्याकडं, अशी ओलीस धरायची स्पर्धा सुरू होते. त्यात संस्थेनं कधी जिंकल्याचं ऐकिवात नाही.

सगळ्यात मोठा मोह व्हॉट्सॲपचा. आमच्याकडं माणूस पत्रानं निघत नाही, ग्रुपवरून निघतो. पत्र पोस्टात असतं तोवर 'ॲडमिननी यांना काढले' ही राखाडी ओळ अख्ख्या स्टाफनं पाहिलेली असते. पाच मिनिटं कुणी काही लिहीत नाही. मग ज्याला काही कळलेलं नाही असा पंपावरचा माणूस 'शुभ दुपार'चा गुलाब टाकतो. अशा रीतीनं बाहेर पडलेल्या माणसाच्या मनात संस्थेविषयी काय राहील? आणि तो कुठं जाणार आहे, अमेरिकेला? तो विट्याला जाईल, कराडला जाईल, आणि येत्या गुरुवारच्या लग्नात अक्षता टाकायला तुमच्याच शेजारी उभा राहील. तुमच्या मुलीला स्थळ सुचवणाऱ्या बाईचा तो सख्खा भाचा निघेल. मोठ्या शहरात माणसाला नीट निरोप देणं हा शिष्टाचार असेल; आमच्याकडं ती सुरक्षाव्यवस्था आहे.

शिवाय काढलेला, दुखावलेला तांत्रिक माणूस पुढं काय करेल याचा नेम नसतो. मुंबईच्या व्हीजेटीआयमध्ये लक्ष्मणराव किर्लोस्कर शिकवायचे. बढतीची वेळ आली तेव्हा त्यांना डावलून ती एका अँग्लो-इंडियन साहेबाला दिली. लक्ष्मणरावांनी नोकरी सोडली. पुढं १९१०मध्ये औंधच्या राजेसाहेबांनी दिलेल्या कुंडल रोडच्या माळावर त्यांनी किर्लोस्करवाडी उभी केली. व्हीजेटीआयनं एक मास्तर घालवला आणि सांगली जिल्ह्याला कारखाना मिळाला. तुम्ही काढलेला पोरगाही समोरच्या गाळ्यात दुकान टाकील आणि पुढच्या वर्षी तुमचंच सॉफ्टवेअर सांभाळायचं कोटेशन पाठवील, तिप्पट दरानं, जीएसटी वेगळा. तेव्हा कोटेशन देणारा गोड बोलावा एवढी तरी तजवीज निरोपाच्या दिवशी करून ठेवावी.

याच औंध संस्थानानं १९३९ साली आटपाडीजवळ स्वतंत्रपूरची खुली वसाहत काढली. तिथं खुनाचे कैदी भिंतीशिवाय, कुलपाशिवाय राहिले, शेती करू लागले. पुढं 'दो आँखें बारह हाथ' हा सिनेमा निघाला तो याच प्रयोगावरून. ज्या जिल्ह्यात कैद्याला मोकळं ठेवायची हिंमत झाली, तिथं कॉम्प्युटरवाल्याला मात्र सुट्टी द्यायची हिंमत होत नाही. बिचारा बहिणीच्या लग्नात मुंडावळ्या सरळ करता करता फोनवर सांगत असतो, "काळं बटण दाबा... त्याच्या शेजारचं... अहो, तो पंखा झाला."

म्हणून काढण्याची खरी तयारी नेमण्याच्या दिवशी सुरू करावी आणि नेमून दहा वर्षं झाली असतील तर आज दुपारी. एक वही घ्यावी. संस्थेचं काय काय कुणाकडं आहे, ते त्या पोराला शेजारी बसवून लिहावं. पासवर्ड पाकिटात घालून, लाखेनं बंद करून तिजोरीत ठेवावेत, दोन किल्ल्यांच्या आत. आणखी एका माणसाला सगळं शिकवावं. मग काढायच्या आधी पोराला आठवडाभर खरीखुरी सुट्टी द्यावी, फोन बंद ठेवायच्या अटीवर.

असं केलं की काय होतं? पोरगा जातो. संस्था चालते. पोरगा परत येतो तेव्हा त्याचा चेहरा उजळलेला, कारण त्यानं इतक्या वर्षांत पहिल्यांदा रात्रीची झोप घेतलेली असते. तो वेळेवर येऊ लागतो, उलट बोलायचा बंद होतो. उलट बोलणं हे निम्मं झोप नसल्याचं आणि निम्मं आपल्यावाचून अडतं हे माहीत असल्याचं असतं. चेअरमनसाहेबांच्या ध्यानात येतं की आता याला कधीही काढता येईल, आणि त्यामुळं काढायची घाईच उरत नाही. साडूच्या मुलाला पंपावर चिकटवता येतं.

एवढ्यावर विषय मिटायला हवा. पण साहेबांना त्या वहीची गोडी लागलेली असते. ते पानं चाळतात, चष्मा वर करतात आणि भर सभेत म्हणतात, "हे बेस झालं. आता असंच एक पान मॅनेजरसाहेबांचं बी करा. त्यांच्याकडं संस्थेचं काय काय हाय, ते एकदा कागदावर येऊ दे."

मॅनेजरांना त्याच मिनिटाला कराडला अर्जंट काम निघतं.